आभासी वितळजोड

आभासी वितळजोड : धातूच्या भागांची जुळणी ज्या वितळजोडांनी पक्की व्हावयाची असते, परंतु जे जोड त्या जुळणीच्या संगणकीय त्रिमितीय प्रतिकृतीत घन आकार म्हणून काढलेले नसतात, ते उत्पादन-परिव्ययाचा अंदाज करणाऱ्या आज्ञावलीत केवळ नोंदींच्या रूपाने भरले असता त्यांना आभासी वितळजोड म्हणतात. अशा नोंदीत जोड कोणत्या दोन भागांमध्ये आहे, त्याचा प्रकार, आकारमान, लांबी व तो करण्याची प्रक्रिया एवढी माहिती असते. पडद्यावर जोड दिसो वा न दिसो, त्याला लागणारा धातू, वेळ, वीज, वायू व मजुरी यांचा हिशोब खऱ्या जोडाप्रमाणेच होतो. ‘आभासी’ हे विशेषण प्रतिकृतीपुरते असून कारखान्यात तो जोड प्रत्यक्ष करावाच लागतो. म्हणून तो अंदाजातून राहून गेला, तर त्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतो.

यंत्रांचे सांगाडे, टाक्या, पूल, जहाजे, मालवाहू गाड्यांचे तळ, मातीकाम करणाऱ्या यंत्रांचे बाहू इ. वस्तू अनेक पत्रे, नळ्या व लाटलेले छेद जोडून तयार करतात. अशा वस्तूंच्या एकूण परिव्ययात वितळजोडकामाचा वाटा मोठा असतो. कच्च्या मालाचे वजन प्रतिकृतीवरून अचूक काढता येते. कापणे, भोके पाडणे, वाकविणे या क्रियाही भागाच्या आकारावरून ओळखता येतात. वितळजोडाचे मात्र तसे नाही. दोन पत्रे एकमेकांना टेकलेले आहेत एवढेच प्रतिकृती सांगते. ते कशाने व किती धरून ठेवावयाचे, हे ती बहुधा सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आभासी वितळजोडाची कल्पना पुढे आली.

ऐतिहासिक आढावा : विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने धातू जोडण्याची व्यवहार्य पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निकोलाय बेनार्दोस व स्टानिस्लाव्ह ओल्शेव्हस्की यांनी कार्बनाचे विद्युत् अग्र वापरून सिद्ध केली. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्ह्यानोव्ह यांनी वितळणारे धातूचे विद्युत् अग्र वापरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमधील ऑस्कर शेलबेरी यांनी लेपयुक्त विद्युत् अग्र प्रचारात आणले आणि जोडांचा दर्जा भरवशाचा झाला. रिव्हेटांऐवजी सर्वस्वी वितळजोडांनी बांधलेले ‘फुलगार’ हे जहाज १९२० मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरले.

रिव्हेटांचा हिशोब मोजदादीने करता येई. वितळजोडाचा खर्च मात्र त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, लांबी, जोड करतानाची भागाची स्थिती व कारागिराचा वेग यांवर अवलंबून असल्याने त्यासाठी कोष्टके तयार करावी लागली. अमेरिकेतील लिंकन कंपनीने १९३३ मध्ये प्रथम काढलेल्या प्रज्योत वितळजोडकामाच्या हस्तपुस्तिकेमुळे आणि पुढे ओमर ब्लॉजेट यांच्या ‘डिझाइन ऑफ वेल्डमेंट्स’ (१९६३) या ग्रंथामुळे जोडाचे आकारमान व खर्च यांचा संबंध अभिकल्पकांच्या नित्य वापरात आला. अंदाजकर्ता कागदावरील आराखड्यातील वितळजोडांची चिन्हे एकेक करून वाचीत असे व कोष्टकांवरून वेळ काढीत असे.

आयव्हन सदरलंड यांची ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली १९६३ मध्ये सिद्ध झाल्यावर रेखनकामात संगणकाचा प्रवेश झाला आणि १९८० नंतरच्या दशकात घन आकारांच्या त्रिमितीय प्रतिकृती उद्योगांत रुळू लागल्या. जेफ्री बूथरॉइड व पीटर ड्यूहर्स्ट यांनी उत्पादन व जुळणी यांच्या सोयीच्या दृष्टीने भाग कसे घडवावेत याची गणिती पद्धत विकसित केली. तीबद्दल त्यांना १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविद्या पदक मिळाले. प्रतिकृती वाचून परिव्यय सांगणाऱ्या आज्ञावली याच विचारसरणीतून पुढे आल्या. मात्र कागदी आराखडा मागे पडून प्रतिकृती पुढे आली तेव्हा आराखड्यावरील वितळजोडांची चिन्हे बरेचदा मागेच राहिली.

प्रतिकृतीत जोड नसण्याची कारणे : वितळून थिजलेल्या धातूची जोडपट्टी घन आकार म्हणून काढणे शक्य असते; पण मोठ्या सांगाड्यात असे शेकडो जोड असतात व ते सर्व काढल्यास प्रतिकृती जड होऊन संगणकाचे काम मंदावते. पत्र्याची जाडी किंवा जागा बदलली की प्रत्येक पट्टी पुन्हा काढावी लागते. म्हणून अभिकल्पक भाग परस्परांना टेकवून ठेवतात आणि जोडाची माहिती चिन्हांनी देतात. ही चिन्हे भारतात आयएस ८१३, आंतरराष्ट्रीय व्यवहारात आयएसओ २५५३ व अमेरिकेत एडब्ल्यूएस ए २.४ या मानकांनुसार काढतात. एका रेखन-प्रणालीतून दुसरीत प्रतिकृती नेताना स्टेप (आयएसओ १०३०३) या तटस्थ स्वरूपाचा उपयोग करतात. या स्थित्यंतरात घन आकार सुरक्षित पोहोचतात. चिन्हे व टिपा मात्र अनेकदा गळून पडतात. शिवाय अभिकल्पाच्या प्रारंभिक अवस्थेत जोडांचा निर्णय झालेलाच नसतो, तरी खर्चाचा अंदाज त्याच वेळी हवा असतो; कारण बदल करणे त्या अवस्थेत सर्वांत स्वस्त पडते.

नोंदीचे घटक : आभासी वितळजोडाच्या नोंदीत पुढील बाबी असतात. (१) जोडले जाणारे भाग व त्यांच्या कडा. (२) जोडाचा प्रकार : दोन पृष्ठांच्या कोपऱ्यात भरावयाचा फिलेट जोड, टोकाला टोक लावून केलेला बट जोड, भोकातून भरलेला प्लग जोड, ठिपक्याठिपक्यांचा स्पॉट जोड इत्यादी. (३) छेदाचे आकारमान. बट जोड असल्यास खाचेचा कोन, मुळाशी ठेवलेली फट व खाचेची खोली. (४) लांबी, जोड अखंड की तुटक, एका बाजूस की दोन्ही बाजूंस. (५) प्रक्रिया. आयएसओ ४०६३ या मानकात प्रक्रियांना क्रमांक दिलेले आहेत, उदा., लेपयुक्त विद्युत् अग्राने हाताने केलेले काम १११, अभिवाहाखाली बुडालेल्या प्रज्योतीचे काम १२१, क्रियाशील वायूच्या संरक्षणात अखंड तारेने केलेले काम १३५, टंगस्टनाचे अग्र व निष्क्रिय वायू यांचे काम १४१ आणि स्पॉट जोड २१. (६) जोड करताना भाग सपाट, उभा की डोक्यावर राहील ती स्थिती. (७) जोडापूर्वीची व नंतरची कामे : पूर्वतापन, घासून साफ करणे, तपासणी वगैरे.

जोड भरण्याच्या पद्धती : जोड भरण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत आज्ञावली स्वतः प्रतिकृतीतील भागांची परस्परांना टेकलेली किंवा अगदी जवळ असलेली पृष्ठे शोधते व तेथील कडांवर जोड सुचविते. अंदाजकर्त्याने त्यांतील योग्य ते स्वीकारून बाकीचे काढून टाकावयाचे असतात. ही पद्धत जलद आहे. पण बोल्टांनी आवळलेले किंवा नुसते टेकलेले भागही ती जोडपात्र समजू शकते. उलट, दोन भागांत फट राहिली असेल तर तेथील आवश्यक जोड तिच्या नजरेतून सुटतो. दुसऱ्या पद्धतीत अंदाजकर्ता पडद्यावरील कडा निवडून जोड नेमून देतो; लांबी कडेवरून आपोआप घेतली जाते. तिसरीत भूमितीशी काहीही संबंध न जोडता केवळ ‘६ मिमी. फिलेट, एकूण लांबी ३ मी.’ अशी नोंद करतात. प्रतिकृतीच नसेल किंवा ती अपुरी असेल, तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते. मात्र पत्रा लांबविला तरी अशा नोंदीतील लांबी आपोआप बदलत नाही.

परिव्ययाचे गणित : गणिताचा पाया जोडात भरल्या जाणाऱ्या धातूचे वस्तुमान हा आहे. समभुज फिलेट जोडाचा छेद काटकोन त्रिकोण मानतात. काटकोनालगतच्या बाजूस भुजा म्हणतात. कारखान्यात तिला ‘लेग’ म्हणण्याचा प्रघात आहे. भुजा भ असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ भ² ÷ २ होते. ६ मिमी. भुजेस ते १८ चौ. मिमी. म्हणजे १ मी. लांबीस १८ घ. सेंमी. धातू लागतो. पोलादाची घनता दर घ. सेंमी.ला ७.८५ ग्रॅ. धरल्यास हे वस्तुमान सु. १४१ ग्रॅ. भरते. ८ मिमी. भुजेस ते सु. २५१ ग्रॅ. व १० मिमी. भुजेस सु. ३९३ ग्रॅ. होते. भुजा एकतृतीयांशाने वाढली असता धातू सु. ७८ टक्क्यांनी वाढतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘थोडा जाडच असू द्या’ या सावधगिरीची किंमत या वर्गाच्या नियमामुळे मोठी पडते.

बट जोडात खाचेचा आकार निर्णायक ठरतो. १२ मिमी. जाडीच्या पत्र्यांत एका बाजूने ६०° कोनाची पूर्ण खोलीची खाच व मुळाशी २ मिमी. फट ठेवल्यास छेदाचे क्षेत्रफळ सु. १०७ चौ. मिमी. येते. तीच खाच दोन्ही बाजूंनी निम्म्या-निम्म्या खोलीची केली, तर ते सु. ६६ चौ. मिमी. होते. म्हणजे धातूची सु. ३९ टक्के बचत होते. पण भाग उलटा करण्याचा व दुसऱ्या बाजूची खाच पाडण्याचा खर्च त्यातून वजा करावा लागतो. असे पर्याय ताडून पाहण्यासाठी आभासी जोड विशेष सोयीचे असतात, कारण नोंदीतील एक आकडा बदलला की नवा परिव्यय मिळतो.

धातूवरून वेळ काढण्यासाठी दोन राशी लागतात. निक्षेपण त्वरा म्हणजे प्रज्योत पेटलेली असताना दर तासाला जोडात भरला जाणारा धातू. प्रज्योत-काल प्रमाण म्हणजे कारागिराच्या एकूण वेळापैकी प्रज्योत प्रत्यक्ष पेटलेली असते त्या वेळाचा वाटा. उरलेला वेळ भाग मांडणे, टाके घालणे, विद्युत् अग्र बदलणे, धातुमळी झाडणे, आपली जागा बदलणे यांत जातो. हाताने केलेल्या कामात हे प्रमाण बहुधा २० ते ३० टक्के असते. अखंड तार पुरविणाऱ्या अर्धस्वयंचलित कामात ते अधिक असते व यंत्रमानवाच्या किंवा पूर्ण स्वयंचलित कामात त्याहूनही बरेच वाढते. याखेरीज विकत घेतलेली सर्व तार वा अग्र जोडात उतरत नाही. लेपयुक्त अग्रांच्या वजनापैकी सु. ५५ ते ६५ टक्के धातूच जोडात जातो, कारण लेपाची धातुमळी होते आणि अग्राचे थोटूक टाकून द्यावे लागते. भरीव तारेच्या बाबतीत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते.

उदाहरणार्थ, एका सांगाड्यात १.५ मी. लांबीचा उभा पत्रा तळपत्र्यास दोन्ही बाजूंनी ६ मिमी. फिलेटने जोडावयाचा आहे असे मानू. जोडाची एकूण लांबी ३ मी. व गणिती वस्तुमान ४२४ ग्रॅ. येते, जोडपट्टी फुगीर होते म्हणून १० टक्के वाढ धरल्यास ते ४६६ ग्रॅ. होते. निक्षेपण त्वरा ताशी ३ किग्रॅ. असल्यास प्रज्योत ९.३ मिनिटे पेटेल आणि प्रज्योत-काल प्रमाण ३० टक्के असल्यास कामास ३१ मिनिटे लागतील. दर केवळ उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे गृहीत धरू : मजुरी व यंत्र मिळून ताशी ५०० रुपये, तार किग्रॅ.ला १२० रुपये, वायू १,००० लि.ला १०० रुपये व वीज युनिटला १० रुपये. मग मजुरी व यंत्र यांचे २५९ रुपये, ९५ टक्के उतारा धरून ४९१ ग्रॅ. तारेचे ५९ रुपये, मिनिटाला १५ लि. प्रमाणे १४० लि. वायूचे १४ रुपये आणि २५० अँपिअर, २७ व्होल्ट व ८० टक्के कार्यक्षमता यांनुसार १.३ युनिट विजेचे १३ रुपये, असे एकूण ३४५ रुपये होतात.

या हिशोबातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे खर्चाचा सु. तीनचतुर्थांश भाग वेळेचा आहे. स्वस्त तार शोधण्यापेक्षा प्रज्योत-काल प्रमाण वाढविणे अधिक फलदायी ठरते. चांगली मांडणी करून ते ३० वरून ४० टक्क्यांवर नेल्यास ६५ रुपये वाचतात. सगळी तार फुकट मिळाली तरी एवढी बचत होणार नाही. दुसरी म्हणजे भुजा ८ मिमी. केल्यास हाच खर्च ६१३ रुपयांवर जातो. यावरून आभासी जोडाच्या नोंदीतील आकारमानाचा एक अंक किती वजनदार असतो, हे कळून येईल.

नोंदीतील नेहमीच्या चुका : सर्वांत महाग पडणारी चूक भुजा व कंठ यांच्या गोंधळाची आहे. कंठ म्हणजे काटकोनाच्या शिरोबिंदूपासून त्रिकोणाच्या कर्णापर्यंतचे लंबांतर. कारखान्यात यास ‘थ्रोट’ म्हणतात. समभुज फिलेटमध्ये कंठ भुजेच्या ०.७०७ पट असतो. आयएसओ २५५३ मध्ये कंठासाठी ‘ए’ व भुजेसाठी ‘झेड’ ही अक्षरे आकड्यापूर्वी लिहितात, तर अमेरिकी पद्धतीत फिलेटचा आकडा भुजेचाच समजतात. कंठ ६ मिमी. असलेल्या जोडाची भुजा सु. ८.५ मिमी. व छेद ३६ चौ. मिमी. असतो, भुजा ६ मिमी. असलेल्या जोडाचा छेद १८ चौ. मिमी. असतो. आकडा एकच असूनही धातू बरोबर दुप्पट लागतो. यूरोपीय आराखड्यावरून काम घेणाऱ्या कारखान्याने अक्षर न पाहता ६ हा आकडा भुजा म्हणून भरला, तर वरील उदाहरणातील ६९० रुपयांचे काम त्याने ३४५ रुपयांत पतकरल्यासारखे होते.

तुटक जोडांबाबत अशीच गफलत होते. अमेरिकी पद्धतीत दुसरा आकडा लगतच्या दोन तुकड्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर दाखवितो. आयएसओ २५५३ च्या ‘ए’ पद्धतीत कंसातील आकडा दोन तुकड्यांमधील मोकळी जागा दाखवितो. ५० मिमी. तुकडा व १०० हा दुसरा आकडा यांचा पहिल्या पद्धतीने अर्थ घेतल्यास कडेचा सु. निम्मा भाग जोडला जातो, तर दुसऱ्या पद्धतीने सु. एकतृतीयांशच जोडला जातो. कोणत्या मानकाने आराखडा वाचला, याची नोंद म्हणूनच जोडांच्या यादीच्या शिरोभागी असणे इष्ट असते.

व्यवस्थापन : जोड भरणे सोपे असते, ते अभिकल्पाच्या बदलांबरोबर खरे ठेवणे अवघड असते. प्रतिकृतीची नवी आवृत्ती आली की तीतील कडांची अंतर्गत ओळख बदलू शकते. असे झाल्यास कडेशी बांधलेला आभासी जोड निराधार होतो. काही आज्ञावली असे जोड वेगळे दाखवितात. अंदाजकर्त्याने ते पुन्हा योग्य कडेशी बांधावयाचे किंवा काढून टाकावयाचे असतात. निराधार जोड तसेच राहू दिल्यास नसलेल्या कामाचा खर्च धरला जातो. ते न पाहता पुसून टाकल्यास असलेल्या कामाचा खर्च सुटतो.

दुसरा प्रश्न दुहेरी मोजणीचा आहे. अभिकल्पकाने काही जोडपट्ट्या घन आकार म्हणून काढलेल्या असल्या व त्याच जागी आभासी जोडही भरले गेले, तर खर्च दोनदा लागतो. घन जोडपट्टी एक स्वतंत्र भाग समजली गेल्यास तिच्यासाठी कच्चा माल विकत घेण्याचाही खर्च धरला जाण्याचा धोका असतो. तिसरा प्रश्न पातळीचा आहे. एका टेबलाचे चार पाय एकच उपजुळणी चारदा वापरून केलेले असतील, तर पायाच्या अंतर्गत जोडांची नोंद उपजुळणीच्या पातळीवर एकदाच करावयाची व तिला चाराने गुणावयाचे. पाय व पाट यांमधील जोड मात्र मुख्य जुळणीच्या पातळीवर भरावयाचे. ही शिस्त न पाळल्यास जोड चौपट तरी होतात किंवा चतुर्थांश तरी राहतात.

म्हणून जोडांना अर्थपूर्ण नावे देणे, एकाच प्रक्रियेने व एकाच मांडणीत होणारे जोड एका गटात ठेवणे, पर्याय तपासताना जोड पुसण्याऐवजी तात्पुरते निष्क्रिय करणे, प्रत्येक बदलाचे कारण लिहून ठेवणे आणि शेवटी जोडांची एकूण लांबी आराखड्यावरील चिन्हांशी ताडून पाहणे, हे नियम पाळतात. शेवटची तपासणी साधी असली तरी बहुतेक चुका तीतच सापडतात.

स्पॉट जोडांची यादी वेगळ्या प्रकारे सांभाळावी लागते. मोटारगाडीच्या पोलादी कायेत असे काही हजार जोड असतात. त्यांत भरीव धातू मुळीच लागत नसल्यामुळे वस्तुमानाचे गणित गैरलागू ठरते. ठिपक्यांची संख्या, प्रत्येकास लागणारा वेळ व चिमट्याची हालचाल यांवर खर्च काढतात. येथे ठिपक्यांचे स्थान बिंदू म्हणून नोंदवितात.

मर्यादा : आभासी जोडाची नोंद झाली म्हणजे तो जोड करता येईलच असे नाही. अरुंद पेटीच्या आत मशालीचे टोक पोहोचत नसेल किंवा कारागिराला जोड दिसतच नसेल, तरी आज्ञावली खर्च सांगून मोकळी होऊ शकते. जोडांच्या क्रमाचाही विचार करावा लागतो, कारण एक पत्रा बसविल्यावर आतला जोड कायमचा झाकला जातो. उष्णतेने भाग वाकतात व ते सरळ करण्यास लागणारा वेळ धातूच्या वजनावरून कळत नाही. क्ष-किरण किंवा श्राव्यातीत तरंग यांनी करावयाची तपासणी, सदोष जोड कोरून पुन्हा भरणे, जाड वा अधिक कार्बनयुक्त पोलादाचे पूर्वतापन यांचे खर्च वेगळे धरावे लागतात. निक्षेपण त्वरा व प्रज्योत-काल प्रमाण यांचे आज्ञावलीत आधीच भरलेले आकडे सर्वसाधारण असतात. ज्या कारखान्यात काम व्हावयाचे तेथे घड्याळ लावून घेतलेल्या नोंदींशी ते जुळवून घेतल्याखेरीज अंदाज विश्वासार्ह होत नाही.

महत्त्व : मोठे कारखाने जोडकामाचे भाग लहान पुरवठादारांकडून करून घेतात. पुणे परिसरात भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण येथे असे पुरवठादार मोठ्या संख्येने आहेत. खरेदी करणारा ‘हा भाग एवढ्यातच व्हावयास हवा’ असा आकडा आज्ञावलीच्या साहाय्याने काढतो व त्यावर भाव ठरवितो. यादीतून काही जोड निसटले असतील, तर तो आकडा अवास्तव कमी येतो. पडद्यावरील आकड्याला शास्त्राचे वजन असते आणि लहान कारखानदारापाशी त्याला उत्तर देण्यास बहुधा अनुभवाखेरीज काही नसते. अशा वेळी जोडांची यादी दोन्ही पक्षांनी समोर ठेवून वाद आकड्याऐवजी जोडांवर नेणे न्याय्य ठरते : कोणता जोड राहिला, कोणता मोठा धरला, कोणता तुटक चालला असता, हे तपासता येते. पारदर्शक यादी हाच या पद्धतीचा खरा लाभ होय.

खर्च न मिळालेल्या जोडाचा परिणाम केवळ पैशापुरता राहत नाही. तोट्यात पतकरलेले काम भरून काढण्यासाठी जोड घाईने उरकण्याचा मोह होतो आणि दुय्यम समजल्या गेलेल्या जोडांवर तो प्रथम चालतो. जोड दुय्यम समजण्यात किती धोका असतो, हे उत्तर समुद्रातील ‘अलेक्झांडर एल. केलंड’ या तरंगत्या मंचाच्या दुर्घटनेने दाखवून दिले. २७ मार्च १९८० रोजी हा मंच वादळात उलटला व त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ मृत्युमुखी पडली. चौकशीत असे आढळले की, शिणवट्याने वाढत गेलेल्या भेगेचा उगम एका आधारनळीवर बसविलेल्या ध्वनिग्राहकाच्या कड्याभोवतीच्या ६ मिमी. फिलेट जोडात होता. तो जोड मंचाचा भार पेलण्यासाठी नव्हता, केवळ उपकरण धरून ठेवण्यासाठी होता. त्याचा दर्जाही निकृष्ट होता. या दुर्घटनेचा परिव्ययाच्या अंदाजाशी संबंध नव्हता. परंतु जोडांच्या यादीत लहान जोडांनाही स्वतःची ओळ, स्वतःचे आकारमान व स्वतःचा वेळ का मिळावयास हवा, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्रिमितीय प्रतिकृतीतच चिन्हे व टिपा संगणकाला वाचता येतील अशा रूपात साठविण्याची सोय स्टेप मानकाच्या एपी २४२ या भागात झालेली आहे. ही पद्धत सर्वत्र रुळल्यास जोडांची माहिती अभिकल्पकाकडून अंदाजकर्त्याकडे न गळता पोहोचेल आणि आभासी जोड हाताने भरण्याचे काम कमी होईल. तथापि प्रारंभिक अभिकल्पात, जुन्या प्रतिकृतींत व पर्यायांची तुलना करताना त्यांची गरज राहील. नोंद कोणीही करो, कोणत्या जागी किती धातू भरणे पुरेसे आहे हा निर्णय बलविज्ञान जाणणाऱ्या अभिकल्पकाचा आणि तेथे तो भरण्यास किती वेळ लागतो हे ज्ञान मशाल हाती धरणाऱ्या कारागिराचे असते. या दोहोंची सांगड घालणे हे आभासी वितळजोडांच्या यादीचे कार्य आहे.